गंगाखेडच्या गच्चीवरील वीज

गोदाकाठच्या गंगाखेडमध्ये एप्रिल-मे महिन्यांत घराची गच्ची दिवसभर तापते आणि रात्री उशिरापर्यंत पंखे व कूलर चालू ठेवावे लागत असल्याने घरगुती वीजबिल याच काळात सर्वाधिक फुगते. ज्या उन्हामुळे हा खर्च वाढतो, त्याच उन्हापासून वीज मिळवण्यासाठी केंद्र सरकारने फेब्रुवारी 2024 मध्ये ‘पीएम सूर्यघर : मुफ्त बिजली योजना’ सुरू केली. या योजनेनुसार गच्चीवरील सौर संचाच्या पहिल्या 2 किलोवॅटपर्यंत प्रत्येक किलोवॅटमागे 30,000 रुपये, तिसऱ्या किलोवॅटसाठी 18,000 रुपये, असे कमाल 78,000 रुपयांचे अनुदान मिळते. हे अनुदान संच बसवून त्याची तपासणी झाल्यानंतरच ग्राहकाच्या बँक खात्यात जमा होते. म्हणून आरंभीची रक्कम उभी करण्यासाठी राष्ट्रीयीकृत बँका 3 किलोवॅटपर्यंतच्या संचाला विनातारण, म्हणजे मालमत्ता गहाण न घेता, सवलतीच्या व्याजदराने कर्ज देतात.

एक किलोवॅटच्या संचाला सुमारे 100 चौरस फूट सावलीविरहित जागा लागते आणि त्यातून दिवसाला सरासरी 4 युनिट वीज मिळते. दुपारी उरलेली वीज महावितरणच्या जाळ्यात जाते व रात्री वापरलेल्या विजेतून वजा होते. या हिशेबाला ‘नेट मीटरिंग’ म्हणतात. मात्र भाडेकरूंकडे स्वतःची गच्ची नसते आणि जुन्या पत्र्याच्या किंवा माळवदाच्या घरांवर संचाचा भार पेलण्याची खात्री देता येत नाही, त्यामुळे ज्यांना बिलाचा बोजा सर्वाधिक जाणवतो तीच कुटुंबे बऱ्याचदा या अनुदानापासून दूर राहतात, ही योजनेची गंभीर उणीव होय. अशा घरांत 75 वॅटच्या जुन्या पंख्याऐवजी सुमारे 30 वॅटचा बीएलडीसी, म्हणजे ब्रशविरहित मोटरचा, पंखा लावल्यास त्याच वाऱ्यासाठी निम्म्याहून कमी वीज लागते.