मोटारीस वाफेची धुलाई : खारपाणपट्ट्यातील कास्तकारांस काही सूचना

वऱ्हाडातील बागाईतदार व कास्तकार यांच्या अंगणात आज ट्रॅक्टराशेजारी जीप किंवा मोटार उभी दिसते. तीच गाडी सकाळी मजूर नेते, दुपारी बी-बियाणे व औषधांचे डबे आणते आणि सायंकाळी मुलाबाळांस लग्नकार्यास पोचविते. अशा गाडीची स्वच्छता ही केवळ हौसेची बाब नव्हे. अलीकडे शहरांतून वाफेच्या यंत्राने गाडी साफ करण्याची पद्धत सुरू झाली असून ती यंत्रे खेड्यांतही येऊ लागली आहेत. ती आपल्या भागास कितपत मानवतात, याचा विचार या लेखात करण्याचे योजिले आहे.

प्रथम आपल्या पाण्याकडे पाहू. गाविलगडाच्या डोंगरापासून दक्षिणेस पूर्णेच्या दोन्ही काठांनी पसरलेला खारपाणपट्टा सुमारे ४,७०० चौरस किलोमीटरांचा असून तो अमरावती, अकोला व बुलढाणा या तीन जिल्ह्यांत मोडतो. दर्यापूर, भातकुली, आकोट, तेल्हारा, मूर्तिजापूर या तालुक्यांतील वाचकांस त्याची ओळख करून देण्याचे कारण नाही. असल्या विहिरीच्या पाण्याने गाडी धुतली की पाणी वाळते आणि क्षार मागे राहतात. काचेवर पांढरे डाग पडतात, दाराच्या खाचांत मीठ साचते आणि तेथूनच पत्र्यास गंज धरतो. म्हणजे धुण्याने मळ जातो, पण गाडीचे आयुष्यही थोडे थोडे कमी होते.

वाफेचा गुण येथेच उपयोगी पडतो. पाणी उकळून वाफ झाली म्हणजे पाणी तेवढे उडून जाते व त्यातील क्षार बॉयलरातच राहतात. म्हणून नळीतून येणारी वाफ निवून जे पाणी होते ते जवळजवळ क्षाररहित असते. शिवाय उष्णतेने तेल, ग्रीस व हातांचा चिकट मळ सैल पडतो. मात्र एक गोष्ट ध्यानी ठेवावी : वाफ मळ सैल करते, उचलून नेत नाही. तो उचलण्याचे काम फडक्याचे आहे. दर हातभर जागेनंतर फडक्याची घडी बदलली नाही, तर मळ एका जागेवरून दुसऱ्या जागी जाण्यापलीकडे काही होत नाही.

आता जमाखर्च मांडू. २ किलोवॅटचे यंत्र तासाला २ युनिट वीज घेते. तेवढ्या उष्णतेने ३० अंशांच्या पाण्याची फार तर पावणेतीन लिटरांइतकी वाफ होते. याहून अधिक सांगणाऱ्या विक्रेत्यास हा हिशेब दाखवावा. दोन तास काम चालले तर ४ युनिट वीज व सुमारे साडेपाच लिटर पाणी लागते. उलट मिनिटास १० लिटर पाणी देणारी नळी अर्धा तास चालू ठेवली तर ३०० लिटर पाणी जाते. चैत्र-वैशाखात टँकरची वाट पाहणाऱ्या गावास हा फरक समजावून सांगावयास नको. खेड्यातील वीजदाबाचाही विचार करावा. २३० ऐवजी १८० व्होल्ट मिळाले तर तेच यंत्र सुमारे तीन-पंचमांश शक्तीने चालते, आणि वाफ ओली व मंद येते. यंत्र सोळा अँपिअरच्या, अर्थिंग असलेल्या सॉकेटवरच लावावे.

क्षार गाडीवर आले नाहीत म्हणजे ते नाहीसे झाले असे नव्हे. ती बाकी बॉयलरच्या खात्यावर चढते. लिटरास २ ग्रॅम क्षार असलेले १०० लिटर पाणी आटविले तर २०० ग्रॅम क्षार मागे उरतात. त्यांतील चुनखडी तापणाऱ्या भागावर थर धरते. थर धरला की उष्णता पाण्यास पोचत नाही व तापतार जळते. मीठ दाट झाले की पाणी फेसाळते आणि वाफेबरोबर खारट थेंब बाहेर पडतात, म्हणजे मूळ हेतूच फसतो. ही अडचण वऱ्हाडास नवी नाही. येथील जिन-प्रेसची यंत्रे वाफेवर चालत, आणि यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर मार्गावरील शकुंतला गाडीस १९९४ पर्यंत वाफेचेच इंजिन होते. बॉयलर वेळोवेळी रिकामा करून धुणे हा त्या काळच्या कामगारांचा नित्यनेम होता. लहान यंत्रासही तोच नेम लागू आहे. यंत्रात आर.ओ.चे किंवा छपरावरून धरून गाळलेले पावसाचे पाणी घालावे. काम संपल्यावर यंत्र पूर्ण निवू द्यावे व उरलेले पाणी ओतून टाकावे. थर दिसू लागल्यास पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे लिंबूसत्वाच्या पाण्याने तो काढावा.

कामाचा क्रम असा ठेवावा. आपली काळी माती पाणी लागताच फुगते व चिकटते. म्हणून चिखलावर थेट वाफ मारू नये. गाडीखालचा चिखल वाळवून झाडावा व मग पाण्याने धुवावा. रंगावरील धूळ कोरडी पुसू नये, तिच्या कणांनी चरे पडतात. ती थोड्या गोड्या पाण्याने आधी वाहू द्यावी. आतील माती व कापसाचे तंतू ब्रशाने व व्हॅक्यूम क्लीनरने काढावेत. त्यानंतर पायपुसणी, दाराच्या खाचा, आसने व चाके या ठिकाणी वाफ वापरावी. काम सावलीत करावे. रंगावर नळीचे तोंड वीतभर दूर धरून सारखे फिरते ठेवावे. चिकटविलेली अक्षरे, पुन्हा रंगविलेला भाग व चामड्याची आसने यांस तीव्र वाफ सोसत नाही. थंडीच्या सकाळी, विशेषतः काचेस आधीच बारीक तडा असेल तर, काचेवर एकदम वाफ सोडू नये, ती तडकते. इंजिनाजवळील फ्यूजपेटी, वायरींचे सांधे, डायनामो व संगणकी पेटी यांवर वाफ मारू नये. काम झाल्यावर दारे उघडी ठेवून गाडी पूर्ण वाळवावी, नाहीतर आसनांत बुरशी धरते.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसाहून अधिक कास्तकार व मजूर दगावले, हे आपण विसरलेलो नाही. ज्या गाडीत औषधाचा डबा सांडला आहे तिच्यात वाफ कधीही सोडू नये. वाफेने विष नाहीसे होत नाही. उष्णतेने ते हवेत उठते आणि बंद गाडीत श्वासावाटे शरीरात जाते. अशा वेळी दारे उघडावीत, हातमोजे घालून सांडलेल्यावर कोरडी माती वा भुसा टाकावा, तो काळजीपूर्वक उचलावा, आणि मग साबणाच्या पाण्याने जागा पुनःपुन्हा पुसावी. विष मुरलेले पायपुसणे धुवून परत घालण्यापेक्षा टाकून देणे स्वस्त पडते. धान्याच्या कोठारात ठेवण्याच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या तर याहून घातक आहेत. त्यांस ओलावा लागताच प्राणघातक फॉस्फीन वायू निघतो. त्यांची भुकटी गाडीत सांडली असेल तर तेथे वाफही नको व पाणीही नको. दारे उघडून दूर व्हावे व जाणत्या अधिकाऱ्याचा सल्ला घ्यावा. औषधे माणसांच्या बसण्याच्या जागेत न आणता मागील उघड्या भागात, बंद पेटीतून आणणे हाच खरा उपाय होय.

यंत्र हाताळतानाही सावध असावे. नळीच्या तोंडाशी वाफ दिसत नाही. पांढरे दिसते ते निवू लागलेले थेंब असतात, आणि न दिसणारी वाफच अधिक पोळते. दाब उतरल्याशिवाय झाकण उघडू नये, आणि मुलांस जवळ येऊ देऊ नये. भाजल्यास त्या जागी वीस मिनिटे साधे थंड पाणी सोडावे.

वर्षातून चार वेळा लागणारे यंत्र प्रत्येक घरी असण्याची गरज नाही. गावातील आठ-दहा खातेदारांनी मिळून एक घ्यावे, ते एकाच जबाबदार माणसाच्या ताब्यात द्यावे, आणि कोणी केव्हा नेले व बॉयलर केव्हा धुतला याची नोंदवही ठेवावी. पैसा वाटून घेता येतो; पण काळजी वाटून घेतली की ती कोणाचीच राहत नाही, असा आमचा अनुभव आहे.