लाल गोळी अर्ध्यावर का सुटते?

सरकारी दवाखान्यात गरोदर बाईला लोहाची लाल गोळी फुकट मिळते. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड असतं. रोज एक, असे १८० दिवस आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस, असा नियम आहे. प्रत्यक्षात गरोदरपणी १८० दिवस गोळ्या घेतल्याचं सांगणाऱ्या माता देशात जेमतेम २६ टक्के निघाल्या. हा आकडा २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातला. त्याच पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळलं. आधीच्या पाहणीत हे प्रमाण ४८ टक्के होतं.

या गोळीतल्या फॉलिक अ‍ॅसिडचं आणि मुंबईचं नातं जुनं आहे. १९२८ मध्ये ल्यूसी विल्स ही ब्रिटिश डॉक्टर इथे आली आणि गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर बायकांच्या रक्तक्षयाचा तिने अभ्यास केला. यीस्टच्या अर्काने त्या बऱ्या होतात, हे तिने दाखवलं. त्यातला गुणकारी घटक म्हणजे फॉलिक अ‍ॅसिड, हे पुढे उलगडलं.

एवढं जुनं, स्वस्त औषध मग अर्ध्यावर का सुटतं? बायका निष्काळजी असतात, हे उत्तर मला मुळीच मान्य नाही. गोळीतलं थोडंच लोह रक्तात जातं, उरलेलं आतड्यात राहतं. त्यानेच मळमळतं, पोट साफ होत नाही, शौचाला काळं होतं. काळा रंग निरुपद्रवी आहे, पण हे आधी कुणी सांगितलंच नसेल तर बाई घाबरणारच. ‘गोळ्या गरम पडतात’, ‘बाळ काळं होतं’ या समजुतींना मग घरातूनच जोर मिळतो. बाळाच्या रंगाशी गोळीचा काहीही संबंध नाही.

गोळी रिकाम्या पोटी, लिंबूपाण्याबरोबर घेतली तर जास्त लागू पडते. मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर घ्यावी. थोडं कमी शोषलं गेलं तरी गोळी बंद होण्यापेक्षा ते बरं. चहा-कॉफी तासा-दोन तासांच्या अंतराने प्यावी. गरोदरपणात कॅल्शियमच्या गोळ्याही मिळतात. त्या लोहाबरोबर घेऊ नयेत, एक सकाळी आणि एक रात्री ठेवावी.

आतडं किती लोह आत घेणार, हे यकृतात तयार होणारं हेप्सिडिन ठरवतं. लोहाचा मोठा डोस घेतला की ते वाढतं आणि सुमारे दिवसभर पुढचं लोह अडवतं. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वित्झर्लंडमधल्या अभ्यासात लोह कमी असलेल्या तरुणींना एक दिवसाआड गोळी दिली, तेव्हा त्यातलं लोह जास्त प्रमाणात शोषलं गेलं. म्हणून गोळी फारच बाधत असेल तर दिवसाआडचा पर्याय डॉक्टरांना जरूर विचारावा. गरोदर बाईने मात्र परस्पर बदल करू नये.

खरी चूक होते ती बरं वाटल्यावर. तीन-चार आठवड्यांत हिमोग्लोबिन एक-दोन ग्रॅमने वाढतं, धाप कमी होते आणि डबा कपाटात जातो. शरीरातला लोहाचा साठा तेव्हा रिकामाच असतो. हिमोग्लोबिन नेहमीच्या पातळीवर आल्यावरही साधारण तीन महिने गोळ्या लागतात, हे चिठ्ठीवर ठळक लिहिलं गेलं पाहिजे.

नियमित घेऊनही महिन्याभरात हिमोग्लोबिन हललं नाही, तर नुसत्या गोळ्या वाढवत बसू नये. पाळीतला जास्त रक्तस्राव, मूळव्याध, जंत, बी-१२ ची कमतरता, थॅलेसीमिया, विदर्भ-नंदुरबारकडे सिकलसेल, यांचा शोध घ्यावा लागतो. हिमोग्लोबिन सातच्या खाली असेल तर उपचार रुग्णालयातच हवेत.

घरात कुणाच्या या गोळ्या चालू असतील, तर आज तिला विचारा: त्रास होतो का, किती उरल्या? आणि डबा लहान मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवा. मूठभर गोळ्या मुलाच्या जिवावर बेतू शकतात.