कुत्रा का दमतो?

सुरगाण्याच्या डोंगरवाटांवर गुरांमागे धावणारा तुमचा दोन वर्षांचा कुत्रा हल्ली अर्ध्या चढावरच बसतो. आळशी झाला म्हणून ओरडू नका, आधी मोजा.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकतो, तोंडातील ओलाव्याचे बाष्पीभवन होते आणि शरीर थंड होते. दमट हवेत हे काम मंदावते. म्हणून रोज पहाटेच, त्याच वाटेने, त्याच्या मनाप्रमाणे चालू द्या. गारव्यातही तो बसत असेल, तर दोष हवेचा नव्हे.

तो गाढ झोपला असता मिनिटात छाती किती वेळा वर येते? निरोगी कुत्र्यात हा आकडा साधारण ३० च्या आत असतो. मग ओठ उचलून हिरडी पाहा. (ती मुळात काळी असेल, तर खालच्या पापणीची आतली बाजू पाहा.) गुलाबीऐवजी फिकी दिसली, तर प्राणवायू वाहणाऱ्या तांबड्या पेशी कमी झाल्याची शंका घ्यावी. कानांत, बोटांच्या बेचक्यांत गोचिडी शोधा. गोचिडीतून रक्तात शिरलेला बबेसिया हा एकपेशीय जीव तांबड्या पेशी फोडतो. वेळीच उपचार न झाल्यास कुत्रा दगावू शकतो.

पशुवैद्यांकडे जाताना वही न्या. नुसते ‘दमतो’ सांगण्यापेक्षा ‘सोमवारी पिंपळापाशी, गुरुवारी त्याआधीच्या ओढ्यापाशीच बसला’ ही नोंद अधिक बोलकी. पुढे रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरून ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहतील.