घरगुती राउटरमागील वेब व फाइल सर्व्हर : तत्त्व, मर्यादा आणि सुरक्षितता

प्रस्तावना :
यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची स्थापना १९८९ मध्ये झाली. त्याचे मुख्यालय नाशिक येथे असल्याने दूरस्थ शिक्षणाची कल्पना या शहरास परिचित आहे. अध्ययन-साहित्य घरच्याच संगणकावरून विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचविता येईल काय, या प्रश्नाचा तांत्रिक विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कार्यपद्धती :
राउटरमागील संगणकास बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारा खासगी पत्ता मिळतो. असे पत्ते अंतर्गत वापरासाठीच राखीव असतात. महाजालास दिसतो तो राउटरचा सार्वजनिक पत्ता. जुन्या वाड्यात दरवाजा एक आणि बिऱ्हाडे अनेक असत. आलेले टपाल कोणत्या बिऱ्हाडाचे, हे दारावर ठाऊक असावे लागे. राउटरला ही माहिती देणे म्हणजे पोर्ट फॉरवर्डिंग होय. पोर्ट ८० व ४४३ वर येणारी मागणी वेब सर्व्हरकडे वळवावी, असा नियम त्यात नोंदवितात. त्यासाठी सर्व्हरचा अंतर्गत पत्ता कायम ठेवावा लागतो. सार्वजनिक पत्ता बदलता असल्यास डायनॅमिक डीएनएस सेवा संकेतस्थळाच्या नावाशी नवा पत्ता जोडते.

मर्यादा :
फेब्रुवारी २०११ मध्ये आयपीव्ही४ पत्त्यांचा मध्यवर्ती जागतिक साठा संपला. त्यामुळे अनेक सेवापुरवठादार एकच सार्वजनिक पत्ता बऱ्याच ग्राहकांत वाटतात. या व्यवस्थेसाठी २०१२ मध्ये १००.६४.०.० ते १००.१२७.२५५.२५५ हे पत्ते राखून ठेवण्यात आले. राउटरच्या बाह्य जोडणीस यांपैकी पत्ता असल्यास वरील नियम निष्फळ ठरतो. कारण मुख्य दरवाजा पुरवठादाराच्या ताब्यात असतो. अशा वेळी स्वतंत्र स्थिर पत्ता घेणे, आयपीव्ही६ वापरणे किंवा बाहेरील सर्व्हरमार्फत जोडणी करणे, हे पर्याय उरतात.

सुरक्षितता :
उघडलेले पोर्ट विद्यार्थ्यांइतकेच आगंतुकांनाही खुले असते. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर विषाणू विंडोजच्या फाइल-वाटप प्रणालीतील दोषाचा लाभ घेऊन जगभर पसरला. ही प्रणाली पोर्ट ४४५ वापरते. ते महाजालास कदापि उघडू नये. त्याच संगणकावर गुणपत्रके वा प्रश्नपत्रिका असल्यास हानी केवळ एका घरापुरती राहत नाही. फाइलींसाठी व्हीपीएनचा मार्ग अधिक सुरक्षित होय.

निष्कर्ष :
सार्वजनिक साहित्यासाठी स्वतंत्र संगणकावर, नियमित अद्ययावत केलेला वेब सर्व्हर घरून चालविणे शक्य आहे. गोपनीय फाइलींसाठी मात्र दरवाजा बंद ठेवणे हेच श्रेयस्कर ठरते.