दुसरा दोर

संपादकांचा निरोप एका ओळीचा होता: उंचावर दोराला लटकून कामं करणाऱ्या माणसांवर लिहा. त्यांच्या डोळ्यांसमोर मुंबईतले काचेचे टॉवर असावेत. मी मात्र जुन्नरची वाट धरली, कारण या धंद्यातला माझ्या ओळखीचा एकच माणूस, तोही घाटघरकडचा. जीवधनला खेटून उभा असलेला वानरलिंगीचा सुमारे साडेतीनशे फुटी सुळका त्यानं विशीच्या आतच चढलेला. आता तो साताऱ्याकडे चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांची पाती दुरुस्त करतो आणि पावसाळ्यात तिथलं काम थांबलं की घरी येऊन भात लावतो.

त्याला घेऊन मी खोडदला गेलो. नारायणगावजवळची ही महाकाय रेडिओ दुर्बीण, जीएमआरटी, सगळ्यांना ऐकून ठाऊक असते. गोविंद स्वरूप यांची कल्पना, टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुण्यातल्या केंद्राचा प्रकल्प, नव्वदच्या दशकातली उभारणी. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. १४ खोडदच्या आसपास, बाकीच्या १६ तीन दिशांना पांगलेल्या. टोकाच्या दोन तबकड्यांमध्ये साधारण २५ किलोमीटर अंतर. इतिहास एवढा पुरे.

मला खिळवलं ते तबकडीच्या अंगानं. ती पत्र्याची नाहीच. मधल्या गाभ्यातून निघालेल्या १६ पोलादी कमानी, त्यांच्यामध्ये ताणलेले स्टेनलेस स्टीलचे दोर आणि त्या दोरांवर बसवलेली जाळी. जाळीची तार ०.५५ मिलिमीटर जाड. मधल्या भागात जाळीचं घर १० मिलिमीटरचं, पुढे १५चं, कडेला २०चं. ज्या लहरी पकडायच्या त्या वीतभरापासून दोन मीटरपर्यंत लांब, त्यामुळे एवढ्याशा छिद्रांतून त्या निसटत नाहीत. वारा मात्र बराचसा आरपार जातो. वाऱ्याचा दाब कमी, म्हणून सांगाडा हलका, म्हणून खर्च आटोक्यात. स्वरूपांच्या अक्कलहुशारीचं मला सगळ्यात कौतुक वाटतं ते इथं.

पण असल्या नाजूक अंगावर रंगारी किंवा फिटर जाणार कसा? आम्ही रस्त्याच्या कडेला उभे होतो. माझा सोबती बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "जाळीवर पाय ठेवायचाच नाही, सर. कमानीवर राहायचं आणि अँकर गाभ्यापाशी घ्यायचा." आंबेगावातल्या डिंभे धरणाची भिंत त्याच्या मते यापेक्षा सोपी, कारण तिथं दोर भिंतीलगत पडतो. तबकडीची पाठ आत वळते, दोर लोंबतो सरळ. कामापासून माणूस लांब राहतो. मग मध्ये जागोजागी दोर अडकवून त्याला आत ओढून घ्यावं लागतं.

त्याचा पुढचा प्रश्न मला सुचला नसता. "हिची मोटर कुणाच्या हातात असते?" तबकड्या नियंत्रण कक्षातून फिरवतात. वारा वाढला की त्यांचं तोंड आकाशाकडे करून त्या थांबवतात, खीळ घालतात. पवनचक्कीवर चढण्याआधी तो स्वतः रोटर अडकवतो, एक पातं बरोबर खाली येईल असा, आणि कुलपाची किल्ली खिशात घालतो. दुसऱ्याच्या शब्दावर तो चढत नाही.

गाडीच्या डिकीत त्याची पिशवी होती. अकरा मिलिमीटरचे दोन दोर, दोन्ही कमी ताणाचे. सुळक्यावर चढताना लागणारा दोर ताणला जाणारा हवा, पडलेल्याला झटका बसू नये म्हणून. इथं मुळात पडायचंच नसतं. एका दोरावर माणूस काम करतो. दुसरा वेगळ्या अँकरला बांधलेला, त्यावर नुसती एक पकड माणसाबरोबर वर-खाली सरकत राहते. पहिला दोर तुटला तर ती आवळते. हातोडी, ब्रश, पाना, सगळ्याला दोरी. उतरायच्या यंत्राचा दांडा त्यानं माझ्या हातात दिला. हलकेच ओढला की दोर सुटतो, सोडला की थांबतो. आणि घाबरून करकचून ओढला तरीही थांबतो. माणूस घाबरणारच, हे गृहीत धरून घडवलेलं यंत्र मी पहिल्यांदाच हाताळत होतो.

हे यंत्र त्याला एकदाच नकोसं झालं होतं, आग्या मोहोळ उठलं तेव्हा. शिवनेरी-लेण्याद्रीच्या कातळांवर ही मोहोळं लागतात, तशीच उंच टाक्यांवर आणि मनोऱ्यांवरही. जमिनीवरचा माणूस पळतो. दोरावरच्यानं डंख खात, दांडा हलक्या हातानं धरून, सावकाश उतरायचं.

बोलण्याची अडचण वेगळीच. वॉकीटॉकी चालते ती १३६ ते १७४ किंवा ४०० ते ४७० मेगाहर्ट्झच्या दरम्यान आणि दोन्ही पट्टे या दुर्बिणीच्या ऐकण्यातले. तिच्या अंगावर लटकून "जरा ढील दे" म्हटलेलं तिलाच आधी ऐकू जायचं! तो हसला. डोंगरात ते सगळे शिट्टीवरच शिकलेले.

त्याला खरी धास्ती वाटते ती लटकून राहण्याची. बेशुद्ध माणूस हार्नेसमध्ये निपचित लोंबला की रक्त पायांत साचतं आणि काही मिनिटांत जिवावर बेतू शकतं. अग्निशमन दलाची वाट बघायला वेळ नसतो. शेजारच्या दोरावरच्या सोबत्यालाच त्याला उतरवता आलं पाहिजे. म्हणून एकट्यानं काम घ्यायचं नाही. 'इराटा' या मूळच्या ब्रिटिश संघटनेचं प्रशिक्षण हेच घोकून घेतं. तिथं तीन पायऱ्या आहेत. वरच्या पायरीसाठी किमान वर्षभराचं आणि हजार तासांचं काम वहीत नोंदवलेलं लागतं, आणि दर तीन वर्षांनी परीक्षा पुन्हा. तिची फी बहुतेक वेळा पोरं स्वतःच भरतात.

ठेकेदाराच्या हिशेबात मात्र दुसरा दोर, दुसरा माणूस, दुसरा अँकर हे सगळे वरखर्च. गेल्या हंगामात त्यानं शहरातल्या एका सोसायटीचं रंगकाम सोडलं. गच्चीवर दुसऱ्या अँकरसाठी भोक पाडू द्यायला मंडळी तयार नव्हती, वॉटरप्रूफिंग बिघडेल म्हणून. काम दुसऱ्याकडे गेलं. त्याचा माणूस टाकीच्या पाइपाला एकच दोर बांधून, फळीवर बसून आठ मजले रंगवून गेला. काही झालं नाही.

"तेच वाईट झालं," तो डिकी लावताना म्हणाला. "आता पुढच्या वेळीही त्यालाच बोलावतील, आणि भोकाचा विषयच निघणार नाही."