वेशीवरचे यंत्र आणि गावोगावच्या पेट्या

देऊळगाव राजाला जालना जवळ आणि जिल्ह्याचे ठिकाण बुलढाणा लांब. तरीही शहराचा एसटीडी संकेतांक ०७२६१, बुलढाण्याचा ०७२६२ आणि जालन्याचा ०२४८२. दूरसंचारातील पत्ता रस्त्याच्या अंतरावरून नव्हे, तर जाळ्याच्या रचनेवरून ठरतो. ग्राहकाला कधीच न दिसणाऱ्या यंत्रांनाही हाच नियम लागू आहे.

ग्रामपंचायती प्रकाशतंतूने जोडण्याच्या योजनेला केंद्र सरकारने २०११ मध्ये मंजुरी दिली. पुढे तिला 'भारतनेट' हे नाव मिळाले. तिच्या पहिल्या टप्प्यात तालुक्याच्या ठिकाणी ओएलटी हे मुख्य यंत्र आणि ग्रामपंचायतीत ओएनटी ही लहान पेटी, अशी जीपॉन तंत्राची मांडणी होती. वाटेत एकच तंतू वीज न लागणाऱ्या विभाजकातून अनेक गावांकडे फुटतो.

दूरच्या देखरेख केंद्राला या प्रत्येक पेटीशी थेट बोलावे लागत नाही. त्याला ओएलटीचा आयपी पत्ता पुरतो. हा पत्ता बहुधा खासगी मालिकेतला, म्हणजे '१०'ने सुरू होणारा असतो. गावोगावी गांधी चौक असावा, तसे हे पत्ते वेगवेगळ्या जाळ्यांत पुन्हा पुन्हा वापरता येतात. मात्र सार्वजनिक इंटरनेटवरून तेथे पोहोचता येत नाही, हेही बरेच. पेट्यांना ओएलटी स्वतःचे क्रमांक देते, त्यांचे निरोप गोळा करते आणि केंद्राला समजेल अशा भाषेत पुढे पाठवते. गेटवे म्हणतात तो हाच. जुन्या गावाच्या वेशीसारखा.

या निरोपांतला एक फार मोलाचा. पेटीची वीज गेली, की उरल्यासुरल्या विद्युतभारावर ती क्षणार्धात शेवटची सूचना धाडते. अभियंते तिला 'डाइंग गॅस्प', अखेरचा श्वास, म्हणतात. सूचना देऊन पेटी गप्प झाली तर वीज गेली असे समजावे. काहीच न बोलता गप्प झाली तर संशय तंतूवर. कदाचित रस्त्याच्या कामात जेसीबीने तो तोडला असेल. भारनियमन सोसलेल्या भागात हा भेद कळला नाही, तर तंतू जोडणारे पथक विनाकारण गावापर्यंत हेलपाटा घालते आणि दाखल्यांसाठी आलेले लोक ताटकळतात.

वेस एकच असेल तर धोकाही तिथेच. ओएलटीचा केवळ देखरेखीचा मार्ग तुटला, तर गावांतील सेवा सुरू राहते, पण केंद्राला अख्खा तालुका दिसेनासा होतो. त्यामुळे दुसरी वाट हवी. २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित भारतनेटमध्ये ग्रामपंचायती वर्तुळाकार जोडण्याची तरतूद आहे. एका बाजूने तंतू तुटला, तर निरोप दुसऱ्या बाजूने फिरून येतो.

यंत्रणेला न सावरता येणारी चूक मात्र नोंदवहीतली. जीपॉनची पेटी बारा चिन्हांच्या अनुक्रमांकावरून ओळखली जाते. दुरुस्तीच्या घाईत एका गावाची पेटी दुसरीकडे बसवली आणि नोंद जुनीच राहिली, तर पडद्यावर पहिल्याच गावाचे नाव झळकते आणि पथक जीप घेऊन तिकडेच निघते.