शू झाली का?

आजारी लेकराला घेऊन आलेली आई बरेचदा न विचारताच सांगते, 'सकाळपासून शूच केली नाही हो.' मुलांच्या किडनीच्या अचानक होणाऱ्या इजेबद्दल गेल्या वीस वर्षांत जे संशोधन झालं, ते वाचताना मला हे वाक्य पुन्हा पुन्हा आठवतं.

२००४ पर्यंत या आजाराच्या व्याख्येवरच एकमत नव्हतं. त्या वर्षी मोठ्यांसाठी 'रायफल' निकष आले, २००७ मध्ये ते मुलांना लागू पडतील असे बदलले गेले आणि २०१२ मध्ये 'केडिगो' या किडनीविषयक आंतरराष्ट्रीय संस्थेने सर्वांसाठी एकच मोजपट्टी दिली.

त्या मोजपट्टीने २०१४ मध्ये चार खंडांतल्या ३२ अतिदक्षता विभागांत ४,६८३ मुलं आणि तरुण तपासले गेले. १,२६१ जणांच्या किडनीला इजा झालेली होती, म्हणजे चौघांत एकाहून जास्त. त्याहून अस्वस्थ करणारी गोष्ट पुढेच होती. ज्यांची लघवी कमी झाली होती, त्यांच्यातल्या सुमारे दोन तृतीयांश जणांचा आजार रक्तातल्या नुसत्या क्रिएटिनिनवरून कळलाच नसता. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं; हडकुळ्या मुलात ते मुळातच कमी, शिवाय किडनी बिघडल्यावर ते चढायलाही वेळ लागतो. लघवी मोजायला मात्र मोजपात्र पुरतं, बाळाच्या लंगोटाचं वजन करूनही चालतं. इतकी साधी नोंद आपण परिचारिकेच्या कागदावरच पडून राहू दिली, याचं मला फार वाईट वाटतं.

दुसरं मोठं काम अमेरिकेतल्या सिनसिनाटीच्या बालरुग्णालयाचं. किडनीला जड जाणारी तीन किंवा जास्त औषधं एकाच वेळी चालू असलेल्या मुलांची यादी २०११ पासून तिथे औषधतज्ज्ञ रोज काढू लागले, आणि त्या मुलांचं क्रिएटिनिन रोज तपासलं जाऊ लागलं. काही वर्षांत औषधांमुळे होणारी इजा ६४ टक्क्यांनी घटली. यासाठी नवं औषध लागलं नाही, नवं यंत्रही नाही.

यंत्रही आलंच. २०१३ मध्ये इटलीतल्या विचेन्झात क्लाउडिओ रोंको यांनी तान्ह्या बाळांसाठी खास बनवलेलं डायलिसिस यंत्र प्रथम वापरलं.

आपल्याकडे मात्र १९९८ मध्ये गुडगाव परिसरातली ३३ मुलं ज्या डायएथिलीन ग्लायकॉलने दगावली, तेच विष २०२५ मध्ये छिंदवाड्याच्या मुलांना खोकल्याच्या औषधातून मिळालं. त्यांतली कित्येक मुलं डायलिसिससाठी नागपूरला आणली गेली. तोवर त्यांची लघवी बंद झालेली होती.